निनावी फाईल की बेनामी फाईल?

प्रश्न असा आहे : लिनक्सवरील एका प्रोग्रामची माहितीपुस्तिका मराठीत लिहिताना, डिरेक्टरीत जिचे नावच नोंदलेले नसते अशा तात्पुरत्या फाईलला ‘बेनामी’ म्हणावे की ‘निनावी’?

‘निनावी’ म्हणावे. १९८८च्या कायद्यामुळे सर्वपरिचित झालेल्या ‘बेनामी व्यवहारा’त नाव असतेच, फक्त ते खऱ्या मालकाचे नसते, या फाईलला मात्र कोणाचेच नाव नसते.

तरीही ‘निनावी’ हा शब्द सरसकट वापरता येणार नाही, कारण कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती बदलली की वस्तुस्थितीही बदलते. आधी मोकळे नाव शोधायचे आणि मग फाईल तयार करायची, ही पद्धत धोक्याची आहे, कारण त्या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणी दुसरा कोणी ‘/टीएमपी’ या तात्पुरत्या फाईलींच्या सामायिक डिरेक्टरीमध्ये त्याच नावाची सिमलिंक (दुसऱ्याच फाईलकडे नेणारा दुवा) ठेवू शकतो. ‘एमकेएसटेम्प’ हे फंक्शन दोन्ही कामे एकाच टप्प्यात उरकते आणि त्या नावाची फाईल आधीपासून असल्यास ती उघडत नाही; परंतु त्याने केलेल्या फाईलला नाव असते. २०१३ साली लिनक्स ३.११मध्ये ‘ओ_टीएमपीफाईल’ हा फ्लॅग (फाईल उघडताना द्यायचा पर्याय) आला आणि फाईल जन्मतःच नावाविना तयार होऊ लागली. त्याआधीच्या कर्नलवर हीच मागणी ‘ही तर डिरेक्टरी आहे’ अशी त्रुटी देऊन नाकारली जाते (फ्लॅगची रचना मुद्दामच तशी केलेली आहे), आणि काही फाईलसिस्टिम नव्या कर्नलवरही ती नाकारतात. अशा वेळी प्रोग्रामने ‘एमकेएसटेम्प’कडे वळावे आणि फाईल उघडताच तिचे नाव ‘अनलिंक’ने काढून टाकावे.

या दुसऱ्या प्रकाराला पुस्तिकेत ‘नाव काढलेली फाईल’ असे वेगळे म्हणावे, असे माझे ठाम मत आहे. ती क्षणभर का होईना, डिरेक्टरीतील फाईली दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेच्या यादीत दिसू शकते, शिवाय तिला ‘लिंकॲट’ या फंक्शनने पुन्हा नाव देता येत नाही. निनावी फाईलला ते देता येते, मात्र ती तयार करताना ‘ओ_एक्सक्ल’ हा फ्लॅग सोबत जोडलेला नसावा, कारण इथे त्याचा अर्थ ‘हिला पुढे कधीही नाव देऊ नये’ असा होतो. संपूर्ण मजकूर लिहून झाल्यावरच नाव दिले, तर अर्धवट फाईल कोणाच्याही हाती लागत नाही, आणि नाव मिळालेली ती फाईल मग तात्पुरतीही राहत नाही. म्हणून ‘निनावी’ आणि ‘तात्पुरती’ हे शब्द पुस्तिकेत एकमेकांऐवजी वापरू नयेत.