बॉल दोनवर आहे, तो दोनवरच राहू दे

प्रश्न : सासरे ७४ वर्षांचे, सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे पेशंट. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. गेल्या महिन्यात घरी सोडताना डॉक्टरांनी पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन लावायला सांगितलं : मिनिटाला दोन लिटर, रोज १६ तास, रात्रभर धरून. त्यांना धाप लागली की आमचे हे मशीन चारवर नेतात. मी अडवलं तर म्हणतात, “हवाच आहे ना, थोडी जास्त गेली तर काय बिघडतं?” दुसरं म्हणजे प्लग सोयीचा म्हणून मशीन देवघराला लागून ठेवलंय, आणि संध्याकाळचा दिवा सासरेच लावतात. लाइट गेली तर काय, या धास्तीने मला झोप लागत नाही. काय करू?
— एक सून, कोपरखैरणे

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांचं ते वाक्य वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. अगदी हेच मी केलं होतं, आणि मी तर ३१ वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर.

ठाण्यात खारकर आळीतल्या आमच्या घरी सासूबाईंना तीन वर्षं मशीन होतं. बिडी-सिगारेटला त्यांनी कधी हात लावला नाही. अर्धं आयुष्य गावी चुलीपुढे गेलं, त्या धुराने फुप्फुसं गेली. एका रात्री त्यांची धाप मला बघवेना. मशीनच्या नळकांडीत फ्लो दाखवणारा बॉल असतो, तो मी दोनवरून चारवर नेला. त्या शांत झाल्या, आणि मला वाटलं, बरं केलं. सकाळी सहाला चहा घेऊन गेले तर डोळे उघडेनात. हाक मारली की “हं” म्हणायच्या आणि पुन्हा झोपायच्या. बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा ९७. आकडा इतका छान आणि माणूस गुंगीत. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. चार दिवस हॉस्पिटलात काढून त्या घरी आल्या, पण ती सकाळ मी विसरलेले नाही.

आता ‘हवाच आहे’ याबद्दल. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. मशीन तीच हवा ओढतं, आतल्या झिओलाइटच्या खड्यांमध्ये नायट्रोजन अडकवून ठेवतं आणि नळीतून ९० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन सोडतं. हे औषध आहे, आणि त्या नळकांडीतला बॉल म्हणजे त्याचा डोस. बीपीची गोळी आपण मनाने दुप्पट करत नाही, तसंच हे. सीओपीडीच्या काही पेशंटना जास्त ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणं त्यांच्या फुप्फुसांना जमत नाही. म्हणून बहुतेकांसाठी डॉक्टर ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ एवढंच मागतात. ९९ बघून आनंद मानायचा नसतो. तुमच्या सासऱ्यांचा आकडा किती हवा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मशीनवरच चिकटवा. आंघोळीला, चालताना वेगळा फ्लो चालेल का, हेही त्याच वेळी विचारा. काहींना तसा लिहून देतात.

मग धाप लागली की करायचं काय? दम लागणं आणि ऑक्सिजन कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मिस्टरांना समजावून सांगणं तुमचं सगळ्यात मोठं काम. आधी त्यांना खुर्चीत पुढे झुकवून बसवा, कोपरं मांडीवर. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, दिव्यावर हलकी फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा. छोटा पंखा तोंडासमोर धरा. चेहऱ्यावर वारा आला की दम खरोखर कमी जाणवतो. पाच मिनिटांनी ऑक्सिमीटर लावा. बोटं गार असतील तर चोळून ऊब आणा, नाहीतर आकडा चुकतो. ८८ च्या खाली जाऊन तिथेच राहिला तर डॉक्टरांना फोन. सकाळी डोकं दुखणं, दिवसा न आवरणारी झोप, असंबद्ध बोलणं, ओठ निळसर होणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

१६ तासांचा आकडाही असाच हवेतून आलेला नाही. १९८१ साली ब्रिटनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज निदान १५ तास ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ रुग्णांपैकी पाच वर्षांत १९ दगावले; न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणत सासरे दुपारी नळी काढून बसले, तर तासांचा हिशेब तुम्ही ठेवा.

देवघर. इथे मी जरा कडक बोलणार आहे. मशीन आजच तिथून हलवा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्यात ठिणगीचा भडका होतो. नळीतून सुटलेला ऑक्सिजन सदऱ्यात, उशीत, पांघरुणात मुरतो. निरांजन, उदबत्ती, कापूर, डासांची कॉइल, गॅसची शेगडी, यातलं काही ते नळी लावून बसलेल्या खोलीत नको. त्यांच्यासमोर कोणी बिडी पेटवायची नाही. नाकाला कोरडेपणा आला तर व्हॅसलीन नाही, पाण्यात विरघळणारं जेल लावा.

पण संध्याकाळचा दिवा हे त्यांचं काम आहे, ते काढून घेऊ नका. १६ तास मशीन म्हणजे आठ तास मोकळे. डॉक्टरांची हरकत नसेल तर त्यातला एक तास दिवेलागणीला ठेवा. मशीन बंद करायचं, अर्धा तास खिडक्या उघड्या, सदरा बदलायचा, मग दिवा. नळी सोडवत नसेल, तर दिवा दुसऱ्या खोलीत तुम्ही लावा आणि शुभंकरोती त्यांना म्हणू द्या. आम्ही शेवटचं वर्षभर तसंच केलं.

विजेचं सांगते. बी टाइप सिलिंडर भरून, रेग्युलेटर लावून घरात ठेवा. त्यात साधारण १५०० लिटर मावतो, म्हणजे दोन लिटरने बारा तास. रेग्युलेटर बसवायला घरातल्या दोघांना तरी आलं पाहिजे, आणि अंधारात करून बघा. पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट ओढतं. नेहमीचा इन्व्हर्टर फार तर दोन-तीन तास नेईल, तोही प्युअर साइन वेव्हचा हवा. १६ तासांचे रोज साडेपाच युनिट धरा, बिल बघून दचकू नका. एक्स्टेंशन बोर्ड नको, थेट भिंतीतला प्लग. सोसायटीच्या सेक्रेटरींना घरात असा पेशंट आहे हे सांगून ठेवा.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. आईच्या मशीनला ऑक्सिजन ओलसर करायची पाण्याची बाटली आहे, तिच्यात बुडबुडे येत नाहीत, आणि मशीन तापतं. बिघडलंय का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर : बहुधा नाही. बाटलीचं झाकण आटे चुकून तिरकं बसलं की हवा तिथूनच निसटते. उघडून नीट बसवा. पाणी डिस्टिल्ड, रोज बदललेलं. तापण्याचं कारण मागची जाळी असेल. तुमच्याकडे बांधकामांची धूळ फार, तेव्हा तो स्पंजचा फिल्टर आठवड्यातून दोनदा साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. पावसाळ्यात तो वाळायला दिवस जातो, म्हणून दुसरा आणून ठेवा. मशीन भिंतीपासून, पडद्यापासून फूटभर लांब हवं. एवढं करून नळीची टोकं पाण्याच्या वाटीत बुडवून बघा. बुडबुडे आले तर टोकं पुसून आईंना लावा. नाही आले तर सिलिंडर सुरू करा आणि मशीनवाल्याला बोलवा.