आयर्न मेडनचे २००० नंतरचे अल्बम जुन्यांच्या तोडीचे आहेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'द नंबर ऑफ द बीस्ट'पासून 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन'पर्यंतचं सगळं पाठ आहे, २००० नंतरचं अधूनमधून लावून बघितलं, गाणी उगाच लांबवल्यासारखी वाटली, आणि मित्र म्हणतात की आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड १९८८ लाच संपला. मग नव्या अल्बमांवर वेळ घालवावा का?

घालवावा. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. अल्बम म्हणून जुनेच सरस. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायचं तर 'पॉवरस्लेव्ह'समोर नवा एकही टिकत नाही. पण एकेक गाणं सुटं काढून तोललं, तर या बँडच्या सगळ्यात ताकदीच्या रचनांपैकी चार-पाच २००० नंतरच्या आहेत. 'रन टू द हिल्स'चा वेग शोधत नव्या अल्बमांकडे गेलात तर हाती काही लागणार नाही. तिथं ऐकायची गोष्ट वेगळी आहे.

जुने अल्बम इतके घट्ट का आहेत, ते आधी बघू. १९८० ते १९८४ या पाच वर्षांत त्यांनी पाच अल्बम काढले. अल्बम, दौरा, परत अल्बम, परत दौरा, असं चाललं होतं. 'नंबर ऑफ द बीस्ट'साठी गायक ब्रूस डिकिन्सन पहिल्यांदा मेडनच्या स्टुडिओत उभा राहिला तेव्हा तेविशीत होता. निर्माता मार्टिन बर्च १९८१ च्या 'किलर्स'पासून १९९२ च्या 'फिअर ऑफ द डार्क'पर्यंत सोबत होता आणि नको ते काढून टाकायला सांगणारा माणूस खोलीत होता. शिवाय तो जमाना रेकॉर्डचा. तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं बसायची, फार ताणलं तर थोडी जास्त, पण मग आवाज पातळ व्हायचा. त्यामुळे चाळीस-पन्नास मिनिटांत सगळं मांडायचं बंधनच होतं. सीडी आली आणि ते बंधन सुटलं. २०१५ चा 'द बुक ऑफ सोल्स' ब्याण्णव मिनिटांचा आहे. त्यातली वीस मिनिटं कमी केली असती तर तो अल्बम आज कुठल्या कुठे असता, असं मला मनापासून वाटतं.

पण लांब गाणी ही म्हातारपणाची सवय आहे, हे तुमच्या मित्रांचं म्हणणं मात्र पटत नाही. १९८० च्या पहिल्याच अल्बमवर 'फँटम ऑफ द ऑपेरा' सात मिनिटांचं आहे. १९८४ चं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' तेरा मिनिटांच्या वर जातं, तेही कोलरिजच्या कवितेवर. ते गाणं तुम्हाला पाठ असणार. त्यात मधे सगळं थांबतं, फक्त लाकडाची करकर आणि बेस उरतो, तो तुकडा आठवा. नवा मेडन त्याच तुकड्यातून निघालेला आहे.

नव्वदचं दशक झटकन उरकतो. गिटारवादक एड्रियन स्मिथ १९९० मध्ये गेला, यानिक गर्स आला, १९९३ मध्ये ब्रूस गेला, ब्लेझ बेली आला. ब्लेझचा आवाज खालच्या पट्टीचा, आणि त्याला ब्रूसची गाणी गायला लावली. तो अन्यायच होता. पण १९९५ चं 'साइन ऑफ द क्रॉस' सोडू नका. अकरा मिनिटांचं, अंधारं, सावकाश उलगडत जाणारं. पुढच्या पंचवीस वर्षांची वाट तिथं पडली.

१९९९ मध्ये ब्रूस आणि एड्रियन दोघंही परतले आणि यानिकला कुणी काढलं नाही. मेडनमध्ये तीन गिटार झाले. याचा अर्थ नुसतं ऐकून मला पुरता कळला नव्हता, वाजवताना कळला. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही चौघं शाहूपुरीतल्या एका मित्राच्या गोदामात वाजवायला जमतो. दोन गिटार, बेस, ड्रम्स. 'द ट्रूपर' दोन गिटारांत चपखल बसतं, कारण ते दोन गिटारांसाठीच लिहिलंय: एक सूर धरतो, दुसरा त्याच्या वरच्या स्वरात साथ देतो. पण २००० च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधलं 'घोस्ट ऑफ द नेव्हिगेटर' घेतलं आणि अडलो. दोघं वरची जोडधून वाजवायला लागलो की खाली रिफ, म्हणजे गाण्याचा परत परत वाजणारा मूळ तुकडा, धरायला कुणी उरत नाही, सगळा भार बेसवर येतो आणि गाणं पोकळ वाटतं. एकाने रिफ धरला तर जोडधून तुटते. त्यांच्याकडे तिसरा माणूस तळाला उभा आहे म्हणून वरचे दोघं मोकळे सुटतात. जुन्या मेडनमध्ये ही भरीव वीण नाही. तो अल्बम त्यांनी पॅरिसच्या स्टुडिओत बहुतेक सगळ्यांनी एकत्र वाजवून रेकॉर्ड केला, आणि ती ऊब त्यात ऐकू येते. सुरुवात तिथूनच करा. त्यातलं 'ब्लड ब्रदर्स' बेस वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने वडील गेल्यावर लिहिलं. तीनच्या ठेक्यात डुलत जातं, आणि १९८४ च्या स्टीव्हने असलं काही लिहिलं नसतं.

मग २००३ च्या 'डान्स ऑफ डेथ'मधलं 'पॅशनडेल'. अल्बम तसा कमीजास्त आहे, पण हे एक गाणं त्याला तारून नेतं. पहिल्या महायुद्धात १९१७ साली बेल्जियमच्या चिखलात जी लढाई झाली, तिच्यातल्या सैनिकाचं गाणं. सुरुवातीला ड्रमर निको मॅकब्रेनची काठी हाय-हॅटच्या झांजांवर हलकेच टकटकते, सोबत एक गिटार तुटक सूर टाकते, आणि मग अचानक सगळी तोफ सुटते. ती परत थांबते, ब्रूस जवळजवळ कुजबुजतो, परत तोफ. हे तीन-चार वेळा होतं आणि प्रत्येक वेळी दचकायला होतं, पुढे काय येणार हे ठाऊक असूनही. युद्धावर त्यांनी जन्मभर गाणी केली. पण 'द ट्रूपर' घोड्यावर बसून बघतं, 'पॅशनडेल' खंदकात पडून. मला दुसरं जास्त खरं वाटतं.

असाच आणखी एक जोड लागोपाठ ऐका. १९८४ चं '२ मिनिट्स टू मिडनाइट' आणि २०१० च्या 'द फायनल फ्रंटियर'मधलं 'व्हेन द वाइल्ड विंड ब्लोज'. दोन्हींचा विषय अणुयुद्ध. पहिल्यात संताप आहे, शस्त्रांच्या व्यापाऱ्यांवर बोट रोखलेलं आहे. दुसऱ्यात एक म्हातारं जोडपं आहे. बातम्या ऐकून घाबरलेलं, तळघरात सामान भरून बसलेलं. जमीन हादरते, त्यांना वाटतं बॉम्ब पडला, आणि ते विष घेतात. प्रत्यक्षात भूकंप झालेला असतो. अकरा मिनिटं लागतात हे सांगायला, आणि धून इतकी साधी, जवळजवळ लोकगीतासारखी, की शेवट येईपर्यंत काय होतंय ते अंगावर येत नाही. तरुण मेडन हे करू शकला नसता. तो चिडू शकत होता, थांबू शकत नव्हता.

आता तुमची तक्रार. लांबण. ती पूर्ण खोटी नाही. हॅरिसने एकट्याने लिहिलेल्या नव्या गाण्यांत एक साचा झालाय: आधी हलक्या गिटारवर किंवा बेसवर संथ धून, मग तीच धून सगळे मिळून, मग गाणं, शेवटी परत तीच संथ धून. २०२१ च्या 'सेन्जुत्सू' अल्बमच्या दुसऱ्या सीडीवर त्याची दहा-बारा मिनिटांची गाणी एकापाठोपाठ येतात तेव्हा मीसुद्धा मधे उठून चहा टाकतो. आमच्या गोदामातला ड्रमर तर दर वेळी विचारतो, "आरं, ह्यो सुरू कधी हुणार?" ओळीची पुनरावृत्तीही फार. आणि निर्माता केव्हिन शर्लीचं मिक्सिंग मला कोरडं वाटतं, गिटार एकमेकांत चिकटतात. तिघं वाजवतात आणि तिघं वेगळे ऐकू येत नाहीत, याचा राग येतो. त्याला अपवाद २००६ चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ'. हॅरिसने तो मास्टरिंग (आवाजावर फिरवायचा शेवटचा हात) न करताच बाहेर काढायचं ठरवलं, त्यामुळे आवाज दाबलेला नाही, खोलीत बसून ऐकल्यासारखा आहे. त्या वर्षीच्या दौऱ्यात त्यांनी तो अख्खा अल्बम क्रमाने वाजवला. प्रेक्षक जुन्या गाण्यांसाठी ओरडत असताना हे करायला छाती लागते. नव्यांपैकी माझा सगळ्यात आवडता तोच.

पण सावकाश सुरुवात हा मुळातच दोष आहे, हे कोल्हापूरच्या माणसाने तरी म्हणू नये. देवल क्लबात मैफल ऐकायला बसलेला माणूस बडा ख्याल सुरू झाल्यावर घड्याळ बघत नाही. राग आधी उभा राहू द्यायचा असतो, म्हणजे मग तानेला अर्थ येतो. 'पॅशनडेल'ची टकटक किंवा 'द टॅलिसमन'ची सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं तशीच ऐकायची. ज्या गाण्यात ती संथ धून पुढे काही नवं रूप घेते तिथं ती सार्थ, नुसतीच परत येते तिथं वाया. हा निकष लावला की नव्या अल्बमांतलं सोनं आणि भरताड आपोआप वेगळं होतं.

'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' या निकषावर सगळ्यात वर जातं. 'बुक ऑफ सोल्स'चा शेवट, अठरा मिनिटं, त्यांचं सगळ्यात लांब गाणं, आणि एकट्या ब्रूसचं. पियानोही तोच वाजवतो. आर १०१ नावाचं, वायू भरून तरंगणारं ब्रिटिश हवाई जहाज १९३० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहून निघालं आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून पेटलं. चोपन्नपैकी अठ्ठेचाळीस माणसं गेली. ते निघालं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात. साम्राज्याची शान दाखवायला घाईघाईने पाठवलेलं जहाज. ब्रूस स्वतः विमानं चालवणारा माणूस असल्यामुळे त्याला वजन, वारा, पाऊस सगळं कळतं, आणि गाण्यात ते तांत्रिक तपशील दुःखाच्या आड येत नाहीत. पियानो, मग व्हायोलिनसारखे सूर, मग हळूहळू तिघांचे गिटार, वादळ, आणि शेवटी परत पियानो. एकदा रात्री पन्हाळ्याहून उतरताना गाडीत लावलं होतं. घाट संपला, वाघबीळ मागं पडलं, तरी कुणी बोललं नाही.

आवाजाबद्दलही बोललं पाहिजे, कारण "ब्रूसचा आवाज गेला" हे वाक्य मी फार ऐकतो. 'बुक ऑफ सोल्स' रेकॉर्ड झाल्यावर त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोगाची गाठ निघाली. २०१५ च्या सुरुवातीला उपचार झाले, तो बरा झाला. म्हणजे २०२१ चा 'सेन्जुत्सू' हा त्या उपचारांनंतरच्या गळ्याचा पहिला अल्बम. वरचा षड्ज १९८२ सारखा लागत नाही, खरं आहे. पण 'द रायटिंग ऑन द वॉल' ऐका, खालच्या आणि मधल्या सुरांत किती माती, किती वजन आलंय. आपल्याच शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. ऐन उमेदीत त्यांचा आवाज बसला, परत आला तो पूर्वीसारखा नव्हता, आणि त्या बदललेल्या गळ्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. तिला आज आपण जयपूर-अत्रौली म्हणतो. ब्रूसने तेवढं मोठं काही केलं असं मी म्हणणार नाही. पण गळा बदलल्यावर गाणं बदलायचं असतं, हे त्याला समजलंय.

तुमचे मित्र कदाचित सांगतील, २०२५ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्यात बँडने स्वतःच १९८० ते १९९२ चीच गाणी ठेवली. बरोबर आहे, तो पन्नाशीचा सोहळा आहे, आणि निकोने २०२४ च्या डिसेंबरमध्ये दौरे थांबवल्यावर ड्रम्सवर सायमन डॉसन आहे. पण त्याच्या आधीचा, २०२३ मध्ये सुरू झालेला दौरा बघा. त्यात त्यांनी १९८६ चा 'समव्हेअर इन टाइम' आणि 'सेन्जुत्सू' मुद्दाम शेजारी ठेवले. 'अलेक्झांडर द ग्रेट' तर सदतीस वर्षांनी पहिल्यांदाच रंगमंचावर वाजलं. एकाच रात्री जुनं आणि नवं, आणि 'सेन्जुत्सू'मधलं 'हेल ऑन अर्थ' त्यात जराही उणं पडलं नाही. आपल्याकडेही हे दोन्ही मेडन येऊन गेलेत. २००७ च्या मार्चमध्ये बंगळूरला ते नवीन अल्बमची गाणी घेऊन आले, २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईला जुन्यांची पोतडी घेऊन, ब्रूसने स्वतः चालवलेल्या विमानातून. मी दोन्हीकडे गेलो होतो. मुंबईत घसा फाटेपर्यंत ओरडलो. बंगळूरला बराच वेळ नुसता ऐकत उभा होतो.

ऐकायचा क्रम सांगतो. आधी 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पूर्ण. मग 'डान्स ऑफ डेथ'मधलं फक्त 'पॅशनडेल'. मग 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' पूर्ण, चांगल्या हेडफोनवर, कारण फोनच्या स्पीकरवर त्याचा तळ ऐकूच येत नाही. 'फायनल फ्रंटियर'मधून 'द टॅलिसमन' आणि 'व्हेन द वाइल्ड विंड ब्लोज'. 'बुक ऑफ सोल्स'मधून 'इफ इटर्निटी शुड फेल' आणि 'एम्पायर'. 'सेन्जुत्सू' सगळ्यात शेवटी, पहिली सीडी एका दिवशी आणि दुसरी दुसऱ्या दिवशी. एका बैठकीत दोन्ही ऐकलीत तर परत मला शिव्या घालायला याल.