"ही खोली गुण्यात नाही"

"मॅडम, बाकी सगळ्यात हुशार आहे हो, फक्त अभ्यासात डोकं चालत नाही." मुलांचं समुपदेशन करताना हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. हल्ली त्याला पुरवणीही असते: "याची बुद्धी कुठल्या प्रकारची ते सांगा, म्हणजे तसाच क्लास लावतो."

सातवीतल्या एका मुलाची आई तर उत्तर घेऊनच आली होती. बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणाऱ्या कुणाकडे तरी सहा हजार भरले होते. गुळगुळीत कागदावरचा रंगीत रिपोर्ट तिने टेबलावर ठेवला. शारीरिक बुद्धिमत्ता उत्तम, गणिती बुद्धिमत्ता कमी.

"आता हा पुस्तकच उघडत नाही," ती म्हणाली. "म्हणतो, रिपोर्टमध्येच लिहिलंय."

माझं तोंड कडू झालं. ठशांवरून बुद्धी ओळखता येते याला शास्त्रीय आधार नाही. आपल्या देशातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेच २०१९ मध्ये तसं स्पष्ट केलंय. पण मुलगा समोर बसलेला असताना आईने भरलेल्या पैशांवर भाषण द्यायचं नसतं. मी रिपोर्ट बाजूला सरकवला आणि तिला बाहेर बसायला सांगितलं.

पहिल्या दोन भेटी "हो", "नाही" आणि "माहीत नाही" यातच संपल्या. एवढंच कळलं की वडील गवंडी आहेत, लहानसहान बांधकामं घेतात आणि रविवारी हा त्यांच्याबरोबर कामावर जातो.

तिसऱ्या भेटीत तो खाली मान घालून बराच वेळ फरशीकडे बघत होता. मला वाटलं, कंटाळला. आणि अचानक म्हणाला, "मॅडम, तुमची ही खोली गुण्यात नाही."

"म्हणजे?"

"कोपरा काटकोनात नाही. भिंतीलगतची फरशी बघा. इकडं कापून पाच बोटं बसवलीय, तिकडं तीनच."

दहा वर्षं मी त्या खोलीत बसते. मला कधी दिसलं नव्हतं. खात्री कशी करायची, असं विचारल्यावर त्याने टेप मागितला. नव्हताच, शेवटी शेजारच्या शिंपीकाकांचा आणला. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फुटांवर पेन्सिलची खूण, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर खूण. मग तिरकं मोजलं.

"पाच फूट यायला पाहिजे. पाच फूट अर्धा इंच येतंय. कोपरा उघडलाय."

"पाचच का?"

"पप्पा तसंच करतात. तीन, चार, पाच. पाया आखताना दोरीने."

त्याच्याच दप्तरातलं गणिताचं पुस्तक काढून मी पायथागोरसचा धडा उघडला. शेजारची सरावाची पानं कोरी करकरीत. कर्ण म्हणजे हे तिरकं माप, एवढंच सांगितलं आणि तीनचा वर्ग, चारचा वर्ग लिहायला लावला. नऊ. सोळा. बेरीज पंचवीस. तो पंचविसाकडे बघत राहिला. मी गप्प. (अशा वेळी गप्प बसणं मला फार उशिरा जमलं.)

"हे तेच आहे?" त्याने विचारलं. आणि जरा वेळाने, स्वतःहून, "मग सहा, आठ, दहा पण चालणार!"

हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ज्याला "गणिती बुद्धी कमी" म्हटलं होतं, त्याने माझ्यासमोर नियम ताणून बघितला होता.

इथे मला माझीच चूक सांगायला हवी. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात प्रकारच्या बुद्धिमत्तांची मांडणी केली, पुढे निसर्गाची जाण ही आठवी धरली. मी त्या विचारातलीच. आपल्या शाळा भाषा आणि आकडेमोड यांनाच बुद्धी समजतात, हे मला आजही पटतं. पण सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा पालकांना "तुमचं मूल बघून शिकणारं आहे" असं सांगून मोकळी व्हायची. गार्डनर यांचं म्हणणं तसं नाही. बुद्धिमत्तेचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे त्यांनीच बजावलंय. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ च्या एका नावाजलेल्या आढाव्यातही निघालं. गार्डनर यांच्या बुद्धिमत्तांबद्दलही मानसशास्त्रात वाद आहेतच. अनेक संशोधक म्हणतात की या क्षमता एकमेकींपासून इतक्या सुट्या नसतात. म्हणून मी आता मुलं वेगवेगळ्या खणांत टाकत नाही. एकच गोष्ट सगळ्यांना दोन-तीन वाटांनी दाखवा, असं शिक्षकांना सांगते. दोरीने कोपरा आखणं वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीलाही करू द्या. कर्ण म्हणजे काय ते तिलाही तेव्हाच कळेल.

आणि पालकांनो, "हाताने शिकतो" म्हणून लिहिण्यातून सुटका देऊ नका. पाच आणि बारा या बाजू देऊन कर्ण विचारल्यावर हा मुलगा अडलाच. ते माप वडिलांच्या दोरीवर नव्हतं. तिथे कागदच लागतो. पुढच्या भेटींत आम्ही कंटाळवाणं काम केलं: आधी तोंडाने सांग, मग चित्र काढ, मग पुस्तकातल्या शब्दांत लिही. शाब्दिक उदाहरणात त्याची खरी अडचण भाषेची होती. शिडी भिंतीला टेकली आहे, हे वाचताना तो शिडी डोळ्यासमोर आणतच नव्हता, आकडे शोधत होता. घरी वडिलांनी रोज एक माप विचारायचं, एवढंच काम दिलं.

चाचणीत वीसपैकी सहाचे अकरा झाले. आईला पंधरा हवे होते.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "त्या रिपोर्टचं काय करू? सहा हजार गेलेत, टाकवत नाही."

मुलाने दप्तरातून तो काढून दाखवला. पानं पाठकोरी होती. मागच्या बाजूंवर पेन्सिलीने त्रिकोण काढलेले, काही खोडलेले, एकाशेजारी लिहिलं होतं: मॅडमची खोली.