खेळाडू ते प्रशिक्षक, आणि मग माईक

गुडघे कुरकुरायला लागल्यावर नव्हे, बास्केटबॉल अजून खेळतोयस तेव्हाच शिकवायला लाग. नाशिकच्या उन्हाळी शिबिरांत मदतनीस हवेच असतात, तिथे 12 वर्षांखालची मुलं घे. त्यांना 5 नंबरचा बॉल आणि शक्य असेल तिथे 2.60 मीटरवरची रिंग दे. 7 नंबरचा बॉल 3.05 मीटरवर फेकायला लावलं की मुलं खांद्यावरून ढकलतात आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. चांगला खेळाडू इथेच अडतो: स्वतः करून दाखवतो, फोड करून सांगत नाही. ले-अप, म्हणजे पुढे जाऊन रिंगजवळून टाकलेला बॉल, आधी बॉलशिवाय चालत, मग एका ड्रिबलवर, मग धावत. एका वेळी एकच चूक सुधार. सिमेंटच्या कोर्टवर उड्या मोजून घे, नडग्या दुखायला लागतात. कागद हवा असेल तर पटियाळ्याच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बघ.

समालोचनाचा सराव घरीच होतो. मॅचचा आवाज बंद करून एक क्वार्टर, म्हणजे 10 मिनिटं, बोल आणि रेकॉर्ड कर. ऐकताना स्कोअर व उरलेला वेळ किती वेळा सांगितलास ते मोज. नवखे नेमकं तेच विसरतात. नियम पक्के हवेत: आक्रमक रिबाउंडनंतर (आपलाच हुकलेला शॉट परत मिळवल्यावर) शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला उरलेला वेळ, 24 नाही, 14 सेकंदांवर येतो, क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून (संघातल्या सगळ्यांचे मिळून) बचावाच्या फाउलला दोन फ्री थ्रो. ‘रिबाउंड’ला मराठी शब्द शोधत बसू नकोस.

क्रम उलटाही चालतो. अमेरिकेच्या एनबीए लीगमधला माजी खेळाडू स्टीव्ह कर आधी टीव्हीवर बोलला, 2014 मध्ये तिथल्याच गोल्डन स्टेट संघाचा प्रशिक्षक झाला.