कंगव्यातल्या केसांनी नातं सिद्ध होणार नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा चार वर्षांचा. आमचं लग्न झालेलं नाही. आता तो माणूस म्हणतो, ‘मूल माझं नाहीच’, आणि तपासणीलाही येत नाही. त्याचा जुना कंगवा माझ्याकडे आहे. त्यातले केस खासगी लॅबला पाठवू का?
– एक आई, बार्शी

उत्तर : नको, पैसे वाया जातील. गळलेल्या केसांना मूळ नसेल तर या चाचणीला पुरेसा डीएनए बहुधा मिळत नाही. मिळालाच, तरी ‘हा केस माझा कशावरून?’ असं त्याचा वकील विचारणार. नमुना कोर्टाच्या आदेशाने, ओळख पटवून, सीलबंद होऊनच प्रयोगशाळेत जायला हवा.

मुलासाठी पोटगीचा अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार आईबापांचं लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क शाबूत असतो. अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी, त्याच अर्जात मागा. डीएनए चाचणीचा अर्ज सोबत द्या. पण नुसत्या मागणीवर कोर्ट आदेश देत नाही. मेसेज, एकत्र राहिल्याचा भाडेकरार, बाळंतपणाच्या कागदांवरची त्याची सही, जे असेल ते जपा. फोन तर अजिबात बदलू नका.

आदेशानंतरही तो आला नाही, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी आपले वडील आहेत, असा दावा रोहित शेखर यांनी कोर्टात केला होता. तिवारींनी चाचणीला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. अखेर २०१२ मध्ये डेहराडूनला त्यांच्या घरी रक्त घेतलं गेलं आणि रोहित शेखर त्यांचाच मुलगा ठरला.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.