वाचकांचे प्रश्न : चंद्रग्रहण जागून पाहण्यासारखे असते का?

प्रश्न : संपादक महोदय, स. न. वि. वि. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाची मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वाहिन्यांवर आठवडाभर चर्चा चालू होती. ‘रक्तचंद्र’ दिसणार म्हणून आमच्या घरची आणि शेजारची मुले रात्री नऊ वाजताच गच्चीवर जाऊन बसली. ढगांची ये-जा चालूच होती. दहापर्यंत चंद्र नेहमीसारखाच दिसत होता. पुढे तो हळूहळू झाकत गेला आणि साडेदहाच्या सुमारास मुले कंटाळून झोपली. आम्ही मोठी माणसे जागलो, तेव्हा अकरानंतर ढगांच्या फटीतून कळकट तांब्याच्या भांड्यासारखा एक मंद गोळा तेवढा दिसला. चित्रांत दाखवतात तसे काहीच नव्हते. ग्रहण खरोखरच पाहण्यासारखे असते, की आपण उगाच अपेक्षा वाढवून ठेवतो?
— एक वाचक, नंदगड, ता. खानापूर

उत्तर : ग्रहण खग्रास असेल, आकाश मोकळे असेल आणि माणूस योग्य वेळी बाहेर पडला असेल, तर चंद्रग्रहण अपेक्षेला पुरेपूर उतरते, असे माझे ठाम मत आहे. आपल्याला त्या रात्री यांपैकी पहिली गोष्ट तेवढी लाभली.

प्रथम चित्रांविषयी. आकाशात चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाएवढा असतो. हात लांब करून करंगळीचे नख त्याच्यापुढे धरले, तर तो त्यामागे पूर्ण झाकला जातो. वाहिन्यांवर दिसणारा पडदाभर लाल चंद्र दूरदर्शी भिंगातून आणि कॅमेऱ्याचे आतले झाकण (शटर) काही सेकंद उघडे ठेवून टिपलेला असतो. कॅमेरा त्या सेकंदांत प्रकाश साठवत राहतो. आपल्या डोळ्याला ते जमत नाही आणि मंद उजेडात त्याला रंगही नीट कळत नाहीत, म्हणून कॅमेऱ्यातला लालबुंद चंद्र प्रत्यक्षात तांबूस-तपकिरी भासतो. आपण पाहिलेला मंद गोळा हेच त्या ग्रहणाचे खरे रूप होते, आणि पातळ ढगाने ते आणखी मळकट केले होते.

दुसरी अडचण वेळेची. चंद्राला आकाशात ताऱ्यांच्या तुलनेत स्वतःच्या रुंदीइतके अंतर सरकायला सुमारे एक तास लागतो, त्यामुळे पृथ्वीच्या गडद छायेत त्याचा पूर्ण प्रवेश होण्यासही साधारण तेवढाच वेळ जातो. त्या रात्री ८:५८ ला चंद्र विरळ छायेत शिरला, पण विरळ छायेतला पहिला बराच काळ नुसत्या डोळ्यांना काहीही फरक जाणवत नाही. गडद छायेचा स्पर्श ९:५७ ला, संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणे) ११:०१ ला, उन्मीलन (तो पुन्हा उघडू लागणे) १२:२३ ला आणि मोक्ष (गडद छायेतून पूर्ण सुटका) १:२६ ला होता. म्हणजे मुलांनी ताटकळत घालवलेला पहिला तास रिकामाच होता, आणि ती झोपायला गेली तेव्हा खरी वेळ अर्ध्या तासावर आली होती. लहान मुले घरात असतील तर त्यांना संमीलनाच्या वीस मिनिटे आधी उठवावे. त्याआधी गच्चीवर नेऊ नये. मोठ्यांनी मात्र स्पर्शाच्या वेळी एकदा बाहेर येऊन पाहावे, कारण छायेची कड वर्तुळाकार असल्याचे तेव्हा स्वच्छ दिसते. पृथ्वी गोल असल्याचा हा पुरावा अ‍ॅरिस्टॉटलने दिला होता, आणि तो कोणालाही अंगणातून तपासता येतो. ती छाया चंद्राच्या रुंदीच्या सुमारे अडीच पट मोठी असल्यामुळे तिची कड हलकेच वाकलेली असते. एवढे ठाऊक असले की ती पटकन ओळखू येते.

चंद्राचा थोडा जरी भाग उजळ असेल, तरी त्याच्या तेजापुढे झाकलेला भाग नुसता काळा वाटतो. तांबूस रंग उमटतो तो शेवटच्या दहा-बारा मिनिटांत, उजेडाची कोर बारीक होऊ लागल्यावर. त्या वेळी हाती दुर्बीण असेल तर उजळ कोर आणि तांबडा भाग यांच्या मधोमध निळसर पट्टा दिसतो. पृथ्वीच्या वातावरणातील ओझोनचा थर तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि त्या थरातून आलेला उजेड चंद्रावर असा निळसर पडतो. वाहिन्यांवर या पट्ट्याविषयी कोणी बोलत नाही. मला मात्र संपूर्ण ग्रहणातले हे सर्वांत सुंदर दृश्य वाटते.

चंद्राचा तांबडेपणाही पृथ्वीच्या हवेतूनच आलेला असतो. सूर्यप्रकाश वातावरणातून वाकून छायेत शिरतो आणि त्यातला निळा भाग वाटेतच विखुरला जातो. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जेथे जेथे सूर्योदय किंवा सूर्यास्त चालू असतो, तेथला उजेड चंद्रावर पोहोचतो. साहजिकच वातावरण कसे आहे यावर ग्रहणाचा रंग ठरतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ आंद्रे दांजाँ यांनी १९२१ मध्ये यासाठी शून्य ते चार अशी श्रेणी सुचवली. शून्य म्हणजे जवळजवळ दिसेनासा झालेला चंद्र आणि चार म्हणजे उजळ तांबूस-नारिंगी. फिलिपिन्समधील पिनाटुबो ज्वालामुखीचा १९९१ मध्ये उद्रेक झाल्यानंतर डिसेंबर १९९२ चे ग्रहण अतिशय काळोखे झाले होते. म्हणून पुढच्या वेळी मुलांना ‘लाल चंद्र दाखवतो’ असे वचन देऊ नका; ‘चंद्राचा रंग या वेळी कोणता होतो ते पाहू’ असे सांगा आणि त्यांना स्वतःलाच श्रेणी ठरवू द्या.

नंदगडसारख्या गावाला एक लाभ असा आहे जो बेळगाव शहरात मिळत नाही. पौर्णिमेच्या प्रकाशात आकाशातल्या बहुतेक चांदण्या बुडालेल्या असतात. खग्रास अवस्थेत चंद्राचे तेज दहा हजार पटींनी, कधी त्याहूनही अधिक घटते, आणि तासाभरात अमावास्येसारखी रात्र होऊन आकाशगंगेचा पट्टाही दिसू लागतो. ज्याने केवळ चंद्राकडे डोळे लावले, त्याचे अर्धे ग्रहण निसटले असे मी समजतो.

राहता राहिले ढग. २७-२८ जुलै २०१८ चे खग्रास ग्रहण एक तास ४३ मिनिटांच्या खग्रास काळामुळे या शतकातील सर्वांत दीर्घ होते, पण तेही ऐन पावसाळ्यात आले. खानापूर आणि जांबोटीच्या पट्ट्यात जुलै ते सप्टेंबर या काळात मोकळ्या आकाशाची आशा धरणे कठीणच. फार इच्छा असेल तर अथणीकडच्या कमी पावसाच्या भागात जावे, तेथेही खात्री नाही. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण टिपण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारे उपकरण) घेऊन जमखंडीला आले होते. ढग त्यांनाही आडवे आले. तरीही जी मोजकी संधी मिळाली, तीत त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा पाहिल्या.

३ मार्च २०२६ रोजी आपल्याकडे चंद्र उगवला तेव्हा ग्रहण संपत आले होते. ६ जुलै २०२८ च्या रात्री खंडग्रास ग्रहण आहे. ते पावसाळ्यातले आणि अर्धवटही, त्यासाठी झोपमोड करावी असे मी म्हणणार नाही. आपण वाट पाहावी ती रविवार, ३१ डिसेंबर २०२८ ची. त्या रात्री साडेआठनंतर स्पर्श आहे, पावणेदहाच्या सुमारास चंद्र पूर्ण झाकला जाईल आणि सुमारे ७१ मिनिटे तसाच राहील. मुलांनाही ही वेळ सोयीची आहे. तोवर भातकापणी उरकून शिवारात मसूर आणि हरभरा उभा असेल आणि आकाश बहुधा स्वच्छ असेल. चंद्र मिथुन राशीत बराच वर असेल आणि जवळच मृग, रोहिणी, व्याध असतील. चंद्र झाकण्यापूर्वी कृत्तिकेतल्या किती चांदण्या मोजता येतात आणि झाकल्यावर किती, हे मुलांना वहीत लिहून ठेवायला सांगा.

प्रश्न : मी मोबाईलवर ग्रहणाचे फोटो काढण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण दर वेळी पांढरा ठिपकाच आला. महागडा फोन घ्यावा लागेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : त्यासाठी नवा फोन घेऊ नये. चौकटीत काळोखच जास्त असल्यामुळे फोन प्रकाश वाढवतो आणि चंद्र पांढरा फटक येतो. पडद्यावर चंद्रावर बोट ठेवून उजेडाची पट्टी खाली ओढा, म्हणजे छायेची कड टिपता येईल. खग्रास अवस्थेत याच्या उलट करावे लागते. फोन तिपाईवर घट्ट बसवून त्याच्या कॅमेऱ्याचे झाकण (शटर) काही सेकंद उघडे ठेवावे लागते. पैसे खर्चच करायचे असतील तर दोन्ही डोळ्यांनी पाहायची साधी ७ × ५० किंवा १० × ५० ची (सात किंवा दहा पट मोठे दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) दुर्बीण घ्या. ग्रहणासाठी मोठ्या दुर्बिणीपेक्षाही ती अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यातून चंद्राबरोबर भोवतालच्या चांदण्याही दिसतात.

प्रश्न : माझ्या सासूबाई ग्रहणाचे वेध कडक पाळतात आणि घरातल्या कोणाला बाहेर येऊ देत नाहीत. माझी सून गरोदर आहे. तिला ग्रहण पाहण्याची फार इच्छा आहे. काय करावे?
— एक वाचिका, शहापूर, बेळगाव

उत्तर : सूनबाईंनी ग्रहण खुशाल पाहावे. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहण्यात कोणताही धोका नाही. सूर्यग्रहणाला लागणारे चष्मेही येथे लागत नाहीत, कारण चंद्रावरून येतो तो परावर्तित सूर्यप्रकाशच असतो आणि ग्रहणात तो एरवीपेक्षा कमीच झालेला असतो. पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवले आहे. सासूबाईंच्या पंचांगात स्पर्श-मोक्षाच्या ज्या वेळा छापलेल्या असतात, त्या छायेच्या याच गणितावरून काढलेल्या असतात.

सासूबाईंच्या श्रद्धेशी वाद घालण्याचे कारण नाही. त्यांना पंचांगच वाचायला द्यावे; वेधाच्या नियमांतून लहान मुले, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना सवलत असल्याचे त्यातच लिहिलेले असते. सूनबाईंनी पोटभर जेवावे, औषधे वेळेवर घ्यावीत आणि पाणी तर मुळीच तोडू नये. त्यांच्या प्रकृतीला अपाय झालाच तर तो ग्रहणाने नव्हे, कडक उपवासाने होईल. गच्चीचा जिना अंधारात चढावा लागू नये म्हणून खुर्ची अंगणातच टाकावी, अंगावर शाल घ्यावी आणि सासूबाईंनाही शेजारी बसण्याचा आग्रह करावा. स्नान-दान करायचे असेल तर ते त्यांना मोक्षानंतर नेहमीप्रमाणे करता येईलच.