गहुंज्याला रात्रीची मॅच पाहून दुचाकीने पुण्यात परत येताना अपघात टाळायला काय काळजी घ्यावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आम्ही तिघं मित्र, दोन गाड्या, टी-ट्वेंटी मॅच आहे आणि अठराव्या ओव्हरला उठायचं ठरलंय, म्हणजे गर्दीच्या आधी रस्त्याला लागता येईल. या शेवटच्या वाक्यापायीच उत्तर लिहायला बसलोय. हेच वाक्य आमचे मेहुणे २०१२ पासून, म्हणजे गहुंज्याचं स्टेडियम सुरू झाल्यापासून ऐकवताहेत आणि ते साफ चूक आहे.

"गर्दीच्या आधी" ही वेळ अस्तित्वातच नसते. १९ ऑक्टोबर २०२३ ची वर्ल्ड कपमधली भारत-बांगलादेश मॅच घ्या. भारताने ती ५१ चेंडू राखून जिंकली, म्हणजे पंचेचाळिसाव्या ओव्हरला उठायचं ठरवून आलेल्यांची ती ओव्हर आलीच नाही. त्यात कोहलीचं शतक जवळ आलेलं, मग मधेच कोण उठणार? त्याने सिक्स मारून शतक आणि मॅच एकदमच संपवली आणि सगळं स्टेडियम एका क्षणी उभं राहिलं. चुरशीच्या मॅचमध्ये कोणी लवकर उठत नाही, एकतर्फी मॅचमध्ये सगळेच लवकर उठतात. दोन्हीकडे तुम्ही गर्दीतच.

पण मेहुण्यांचा खरा घोळ वेगळा आहे. त्यांना कोंडी म्हणजे धोका वाटतो. कोंडीत माणूस सहसा मरत नाही. ताशी ५ किलोमीटरने सरकणाऱ्या रांगेत आरसा तुटतो, पाय चेपतो, आईबहिणीचा उद्धार होतो, पण जीव वाचतो. जीव जातो तो रस्ता मोकळा असताना. अठराव्या ओव्हरला उठणाऱ्याला चुकून रस्ता मोकळा मिळाला, तरी त्याची मॅच काही संपलेली नसते, ती हँडलवर अडकवलेल्या मोबाइलवर चालू असते. कानात कॉमेंट्री, मागे बसलेला पाठीवर थाप मारून "गेला, गेला!" ओरडतोय आणि समोर सर्व्हिस रोडला दिवा नाही. वर राँग साइडने येणारा, त्यालाही गर्दीच्या आधीच पोचायचंय.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. शेवटचा बॉल पडल्यावर ४० ते ४५ मिनिटं जागेवर बसून राहा. बक्षीस समारंभ बघा, पाणी प्या, लघवी करून घ्या. स्टेडियममध्ये पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत म्हणून बरेच जण दुपारपासून घोटभर पाण्यावर असतात. तहानलेला माणूस चिडतो आणि त्याचं गाडीवरचं लक्ष मंदावतं. डोळे जड झाले असतील तर गाडीपाशी २० मिनिटं डोळे मिटून पडा. चहा-कॉफीचा असर व्हायला अर्धा तास जातो, तेव्हा पिऊन लगेच किक मारण्यात अर्थ नाही. आधी प्या, मग पडा.

आता हेल्मेट. गेटवर हेल्मेट आत सोडत नाहीत. मग लोक दोनपैकी एक करतात, घरी ठेवून येतात नाहीतर आरशाला लटकवून जातात. आरशाचं परत आल्यावर नसतं. सीटखालच्या हुकात पट्टा अडकवला तरी उपयोग कमी, पट्टा ब्लेडने कापतात. फुल-फेस हेल्मेट घ्या आणि सायकलला लावतात ती वायरची साखळी तोंडाच्या उघड्या जागेतून, म्हणजे हनुवटीच्या दांड्याला वळसा घालून चाकात ओवा. दांडा कापायला करवत लागते. दोन हेल्मेटं असतील तर एकाच साखळीत दोन्ही. हाफ हेल्मेटला ही सोयच नाही, ते न घ्यायचं हे आणखी एक कारण.

आणि काच पाहून घ्या. मॅचला जाताना ऊन असतं म्हणून काळी काच लावून निघतात आणि रात्री अकराला त्याच काचेतून परत येतात. समोरच्या हेडलाइटपलीकडचं काही दिसत नाही, मग काच वर करून चालवतात आणि डोळ्यात किडा जातो. जातानाही पांढरीच काच लावा, उन्हासाठी गॉगल घाला. काचेवर बारीक चरे असतील तर प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. तेव्हा काच बदला, नवी काही हेल्मेटएवढी महाग नसते.

पार्किंग बहुतेक वेळा मोकळ्या रानात असतं. गाडी तोंड बाहेर करून लावा. साइड स्टँड मातीत रुततो, त्याखाली चपटा दगड ठेवा. दगड नसेल तर बाटली चेपून ठेवा. निघताना रुमालाने मागचा लाल दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट पुसा. दिवसभरात त्यांच्यावर धुळीचा थर बसलेला असतो आणि मागून येणाऱ्याला तुम्ही अर्धेच दिसता. ऑक्टोबरातली मॅच असेल, पाऊस पडून गेला असेल, तर टायरच्या खाचांत चिखल भरलेला असतो. डांबरावर आल्यावर पहिले १००-२०० मीटर गाडी सरळ ठेवा, वळणावर कलवू नका, पुढचा ब्रेक हलक्या हाताने. एरवी मुरलेले चालवणारेही इथेच आडवे होतात.

पार्किंगपर्यंतचं चालणं हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. भारताची जर्सी निळी. अंधारात ती काळीच. डिपरवर गडद कपड्यातला माणूस ४०-५० मीटरवरून दिसला तरी नशीब. आता गणित करा. ताशी ६० ने येणारी गाडी ड्रायव्हरने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत साधारण २५ मीटर जाते आणि मग थांबायला आणखी २० मीटर घेते. म्हणजे ४५ मीटर, कसंबसं जमलं. ताशी ८० ला हेच अंतर ६८ मीटरच्या घरात जातं, म्हणजे तुम्ही दिसलात तेव्हाच उशीर झालेला असतो. पिवळी जर्सी घालणारे चेन्नईवाले या बाबतीत आपल्यापेक्षा सुरक्षित आहेत, हे मान्य करायला जड जातं.

यावर उपाय रेडियमचा. नंबरप्लेट करणाऱ्याकडे दोन इंची पट्टी मागा, पण घेताना तपासा, कारण रेडियम म्हणून साधा चकचकीत स्टिकरही खपवतात. मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या कडेला कानशिलापाशी धरायचा आणि दहा फुटांवरून पट्टीकडे पाहायचं. खरी असेल तर झगझगीत पेटते, नुसती चकाकत नाही. टॉर्च हातात खाली धरून पाहिलंत तर खरी पट्टीसुद्धा मंद दिसेल, कारण ती उजेड जिथून आला तिथेच परत पाठवते. पट्टी छातीवर लावू नका, दोन्ही घोट्यांवर बांधा. छातीवरचा ठिपका खांबावरच्या पाटीसारखा दिसतो. घोट्यावरचे दोन ठिपके पावलागणिक मागेपुढे होतात आणि हा चालता माणूस आहे हे ड्रायव्हरच्या डोक्यात चटकन शिरतं. कपड्यावर चिकटवलेली घामाने सुटते, म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्यावर चिकटवा. चालायचं रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक. तिघं खांद्याला खांदा लावून मॅचची चर्चा करत जायचं ठिकाण ते नव्हे.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पाऊल टाकायचं नाही. दुचाकीला आणि पायी जाणाऱ्याला तिथे मुळातच बंदी आहे. कॅबवाला कडेला सोडतो म्हणाला तरी उतरू नका. एका बाजूच्या तीन लेन म्हणजे ११ मीटरच्या वर. चालत ओलांडायला नऊ-दहा सेकंद लागतात आणि १०० ने येणारी गाडी तेवढ्यात अडीचशे मीटरहून जास्त अंतर कापते. तुम्ही पाऊल टाकता तेव्हा ती तुम्हाला लांबचा दिवा वाटते.

आता परतीचा रस्ता, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न. मामुर्डी-किवळेकडून मुकाई चौकात येईपर्यंत रांगच असते. खरी जागा त्यापुढची, जिथे रांग सुटते आणि तुम्ही मुंबई-बंगळुरू हायवेच्या बायपासला लागता. तास-दीड तास तुंबलेला माणूस तिथे अ‍ॅक्सिलरेटर पिळतो आणि मुंबईहून आलेला ट्रक आपल्या वेगात चाललेला असतो. ट्रकवाल्याला मॅचचं काय? सर्व्हिस रोडवरून आत शिरताना आरसा पाहा, मान वळवून पाहा, ट्रकच्या डाव्या दाराशेजारून कधीही रेंगाळत जाऊ नका. तिथे तुम्ही त्याला दिसत नाही. पहिली दहा मिनिटं मुद्दाम ५० च्या आत चालवा. वेळ भरून काढायची खाज तेवढ्यात उतरते.

रांगेच्या शेपटाला तुम्ही शेवटचे असाल तर पुढच्या गाडीच्या थेट मागे उभे राहू नका. थोडं बाजूला, जिथून पुढे सटकायला फट आहे तिथे राहा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे लाल दिवा लुकलुकतो, आणि तुमच्यामागे दोन-तीन गाड्या थांबेपर्यंत नजर आरशात.

मागे बसणाऱ्याच्या हातात झेंडा नको. ओढणी चाकात जाते तसाच झेंडाही जातो आणि फडफडताना चालवणाऱ्याचा आरसा झाकतो तो वेगळाच. घडी करून जॅकेटच्या आत ठेवा.

दारूचं तुम्ही विचारलं नाही, म्हणून मीही फार लिहीत नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण ती शिक्षेची मर्यादा झाली, सुरक्षिततेची नव्हे. बाकी प्रश्न फक्त मैदानावर गेलेल्यांचाही नाही. टोरंटोचे डॉक्टर-संशोधक रेडेलमायर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या २७ सुपर बोल (म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल) रविवारांचे आकडे मांडले होते. सामन्याचं प्रक्षेपण संपल्यानंतरच्या तासांत रस्त्यावरचे मृत्यू इतर रविवारांपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त निघाले. म्हणजे ज्यांनी मित्राच्या घरी टीव्हीवर मॅच पाहिली तेही त्यात आले. मेहुण्यांना हा आकडा दाखवला तर म्हणाले, अमेरिकेतले लोक वेगळे.

हे सगळं दुचाकीचं झालं. जमत असेल तर पुणे-लोणावळा लोकल घ्या, देहूरोड आणि बेगडेवाडी ही जवळची स्टेशनं. फक्त रात्री उशिराच्या गाड्या मोजक्या, तेव्हा वेळ आधी पाहून ठेवा, आणि मॅच वेळेत संपेल असं धरू नका. २ नोव्हेंबर २०२५ ची महिला वर्ल्ड कपची फायनल नेरूळला पावसाने दोन तास उशिरा सुरू झाली आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपली.

आणि एक अपवाद मानतो. बरोबर लहान मूल असेल किंवा गुडघे दुखणारं माणूस असेल तर पाऊण तास थांबणं नको, लवकर निघणंच बरं. पण मग अठराव्या ओव्हरला नाही, बाराव्या ओव्हरला. आणि मोबाइल डिकीत.